'एम्प्रेस ऑफ आयर्लंड' जहाजाची दुर्घटना, १९१४ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेमकं काय घडलं होतं?

२९ मे १९१४ रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर, दोन वाजायला पाचेक मिनिटं असताना, कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीत दाट धुक्यात दोन जहाजांची टक्कर झाली. एक होतं कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचं प्रवासी जहाज 'एम्प्रेस ऑफ आयर्लंड' आणि दुसरं कोळशाने भरलेलं नॉर्वेचं मालवाहू जहाज 'स्टोरस्टाड'. स्टोरस्टाडची नाळ, म्हणजे पुढचं निमुळतं टोक, एम्प्रेसच्या उजव्या कुशीत घुसली. त्यानंतर अवघ्या १४ मिनिटांत एम्प्रेस तळाशी गेलं. जहाजावर १,४७७ माणसं होती. त्यांतली १,०१२ दगावली आणि ४६५ वाचली. काही ठिकाणी या आकड्यांत एकदोनाचा फरक दिसतो, पण सर्वाधिक वापरले जाणारे आकडे हेच आहेत. शांततेच्या काळात कॅनडाच्या पाण्यात झालेली ही सर्वांत भीषण जहाज दुर्घटना.

नदीत एवढं मोठं जहाज बुडतं कसं?

'नदी' म्हटलं की दोन्ही काठ नजरेच्या टप्प्यात असलेलं पात्र डोळ्यांपुढे येतं. सेंट लॉरेन्स तशी नाही. जिथे अपघात झाला त्या पॉइंट-ओ-पेअर गावापाशी, म्हणजे रिमूस्कीजवळ, तिचा पैलतीर चाळीस किलोमीटरहून लांब आहे. एम्प्रेस जिथे पडलं आहे तिथे सुमारे ४० मीटर खोली आहे. पाणी मे महिन्यातही हाडं गोठवणारं असतं. वसंतात वरची हवा तापू लागते, खालचं पाणी मात्र हिवाळ्याचंच राहतं, आणि त्यामुळे तिथे धुकं बघता बघता उतरतं.

शिवाय हा भाग वर्दळीचा होता. पॉइंट-ओ-पेअरला पायलट स्टेशन होतं. बाहेर जाणारी जहाजं नदीची वाट दाखवणाऱ्या पायलटला इथे उतरवत आणि आत येणारी जहाजं त्याला इथेच घेत. त्या रात्री एम्प्रेस पायलटला उतरवून समुद्राकडे निघालं होतं आणि स्टोरस्टाड पायलट घ्यायला येत होतं. दोघं एकाच ठिकाणी समोरासमोर आली यात योगायोग फारसा नव्हता.

हे जहाज कुठून कुठे चाललं होतं? त्यावर कोण होतं?

क्वेबेकहून लिव्हरपूलला. २८ मेच्या दुपारी साडेचारच्या सुमारास ते क्वेबेकहून सुटलं. स्कॉटलंडमधल्या गोव्हनच्या फेअरफिल्ड गोदीत बांधलेलं, १९०६ पासून याच मार्गावर धावणारं हे १४,१९१ टनांचं जहाज. युरोपातून कॅनडात वस्तीला आलेल्या लाखाहून अधिक माणसांनी आपला नवा देश पहिल्यांदा पाहिला तो याच जहाजाच्या कठड्यावरून.

त्या फेरीत १,०५७ प्रवासी होते : पहिल्या वर्गात ८७, दुसऱ्यात २५३ आणि तिसऱ्यात ७१७. खलाशी आणि इतर कर्मचारी ४२०. पहिल्या वर्गात नट लॉरेन्स अर्व्हिंग आणि त्यांच्या पत्नी, अभिनेत्री मेबल हॅकनी होत्या. सर हेन्री सेटन-कार हे ब्रिटिश संसदेचे माजी सदस्यही होते. या तिघांपैकी कोणीच वाचलं नाही. पण जहाज खऱ्या अर्थाने भरलं होतं ते तिसऱ्या वर्गातल्या साध्या माणसांनी.

साल्व्हेशन आर्मीचं नाव या अपघाताशी का जोडलं जातं?

मराठीत मुक्तिफौज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेची लंडनला आंतरराष्ट्रीय परिषद भरणार होती. तिला निघालेली कॅनडाच्या शाखेची सुमारे १७० माणसं या जहाजावर होती. शाखेचे प्रमुख कमिशनर डेव्हिड रीस सहकुटुंब होते आणि टोरोंटोचा त्यांचा नावाजलेला बँडही होता. क्वेबेकचा धक्का सोडताना बँडने निरोपाची गाणी वाजवली. दुसरा दिवस उजाडेपर्यंत त्यांच्यातले बहुतेक जण गेले होते. एका रात्रीत कॅनडातल्या संस्थेचं जवळजवळ सगळं नेतृत्वच नाहीसं झालं. टोरोंटोच्या माउंट प्लेझंट दफनभूमीत त्यांचं स्मारक आहे आणि तिथे दरवर्षी २९ मेच्या आसपास स्मृतिप्रार्थना होते.

बँडमास्तर एडवर्ड हॅनागन आणि त्यांच्या पत्नी दोघंही बुडाले. त्यांची सात वर्षांची मुलगी ग्रेस वाचली. एम्प्रेसवरून वाचलेल्यांपैकी सर्वांत शेवटपर्यंत हयात राहिली तीच. १९९५ मध्ये तिचं निधन झालं.

टक्कर होण्याआधी दोन्ही जहाजांना एकमेकांचा पत्ता नव्हता का?

होता, आणि या सगळ्या प्रकरणातली जिवाला लागणारी गोष्ट तीच आहे. दोन्ही जहाजांनी एकमेकांचे डोलकाठीवरचे दिवे काही मैलांवरून, स्वच्छ हवेत पाहिले होते. दोन्हीकडे जागे, अनुभवी अधिकारी पहाऱ्यावर होते. मध्ये भरपूर पाणी होतं.

रात्री जहाजाच्या उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो आणि डाव्या अंगाला तांबडा. समोरच्या जहाजाचा कोणता दिवा दिसतो यावरून ते कुठे वळलं आहे आणि कोणत्या बाजूने निघून जाईल हे कळतं. एम्प्रेसचे कॅप्टन हेन्री केंडल यांचं म्हणणं होतं की आपण वळण घेऊन सरळ मार्गाला लागलो होतो आणि दोन्ही जहाजं उजवीला उजवी ठेवून, म्हणजे हिरव्यासमोर हिरवा, सुखरूप निघून जाणार होती. स्टोरस्टाडवर पहाऱ्याला असलेले मुख्य अधिकारी आल्फ्रेड टोफ्टेनेस यांचं म्हणणं अगदी उलट. त्यांना एम्प्रेसचा तांबडा दिवा दिसला होता, त्यामुळे दोघं डावीला डावी ठेवून जाणार अशी त्यांची खात्री होती.

एवढ्यात किनाऱ्याकडून धुक्याचा पट्टा सरकत आला आणि दिवे दिसेनासे झाले. इथून पुढे दोघंही आपापल्या मनातल्या चित्रावर जहाज चालवत होते. केंडल यांनी इंजिनं उलटी फिरवली आणि भोंग्याचे तीन आखूड आवाज दिले, म्हणजे 'मी मागे खेचतो आहे'. मग दोन लांब आवाज, म्हणजे 'मी थांबलो आहे'. तिकडे स्टोरस्टाडनेही वेग कमी केला, पण प्रवाहाने आपण एम्प्रेसच्या वाटेत ढकलले जाऊ या भीतीने टोफ्टेनेस यांनी धुक्यातच जहाज उजवीकडे वळवलं. त्यांचे कॅप्टन थॉमस अँडरसन तोवर खाली झोपलेले होते. त्यांना बोलावलं तेव्हा उशीर झाला होता. ते वर आले आणि काही क्षणांतच धुक्यातून एम्प्रेसचे दिवे पुढ्यात उगवले.

टक्कर होताच केंडल यांनी कर्ण्यातून ओरडून स्टोरस्टाडला सांगितलं की इंजिन पुढेच चालू ठेवा. त्यामागचा हिशेब साधा होता : ज्या नाळेने भोक पाडलं तीच आत रुतलेली राहिली तर भोक बुजलेलं राहील. पण नाळ निसटली आणि स्टोरस्टाड धुक्यात दूर सरकलं.

मग चूक कोणाची ठरली?

चौकशी कोणी केली त्यावर उत्तर अवलंबून आहे.

क्वेबेकला जून १९१४ मध्ये चौकशी आयोग बसला. त्याचे अध्यक्ष लॉर्ड मर्सी होते. टायटॅनिकच्या चौकशीचे अध्यक्षही तेच होते आणि पुढच्याच वर्षी जर्मन पाणबुडीने बुडवलेल्या लुसिटेनिया या प्रवासी जहाजाची चौकशीही त्यांच्याकडेच आली. धुक्यात दिशा बदलली ती स्टोरस्टाडने, आणि धुकं पडल्यावरही टोफ्टेनेस यांनी कॅप्टनला वेळेवर बोलावलं नाही, असा आयोगाचा निष्कर्ष होता. नॉर्वेच्या चौकशीने मात्र स्टोरस्टाडला निर्दोष ठरवून केंडल यांच्यावर ठपका ठेवला.

दोन्ही निकालांत आपापल्या देशाचं जहाज बरोबर निघावं, हे खटकतं. माझ्या मते धुक्यात सुकाणू फिरवणं ही सर्वांत जड चूक होती आणि त्या बाबतीत मर्सी यांचा निष्कर्ष पटतो. पण भरपूर जागा असताना केंडल यांनी समोरच्या जहाजाला आणखी दुरून वळसा का घातला नाही हा प्रश्नही उरतोच. खुद्द आयोगानेही तो नोंदवला होता.

चौदा मिनिटांतच कसं बुडालं? टायटॅनिकला तर अडीच तासांवर वेळ लागला.

ते एकाच कारणाने बुडालं असं नाही. चार गोष्टी एकदम जुळून आल्या.

पहिली, आघाताची जागा. नाळ दोन धुराड्यांच्या मधोमध, बॉयलरच्या भागात घुसली. हा भाग जहाजातला सगळ्यात प्रशस्त आणि मोकळा, त्यामुळे तो भरला की जहाजाचा तोलच जातो. स्टोरस्टाडची बांधणीही लांबीच्या दिशेने भक्कम पट्ट्या घातलेली होती आणि पोटात दहा हजार टनांवर कोळसा. त्या वजनानिशी आलेल्या नाळेने जास्तीत जास्त नुकसान पाण्याच्या पातळीखाली केलं. वरून पाहणाऱ्या अनेकांना धक्का फारसा जोराचा वाटलाच नाही.

दुसरी, जलरोधक दरवाजे. जहाजाचे आडवे कप्पे करणाऱ्या भिंती होत्या आणि त्यांतले दरवाजे लावले की पाणी अडायला हवं होतं. पण हे दरवाजे हाताने, आपापल्या जागी जाऊन लावावे लागत. जहाज काही मिनिटांतच इतकं कललं की माणसांना तिथपर्यंत पोहोचणं जमेना. बरेच दरवाजे उघडेच राहिले.

तिसरी, केबिनच्या गोल खिडक्या. खालच्या मजल्यांवर हवा खेळती राहावी म्हणून नदीतल्या शांत पाण्यात लोक त्या उघड्या ठेवत. सगळ्यात खालच्या खिडक्या पाण्यापासून माणसाच्या उंचीइतक्याही वर नव्हत्या. जहाज उजवीकडे कललं तशा त्या पाण्याखाली गेल्या. अंथरुणातल्या माणसाला जाग आली ती खिडकीतून थेट अंगावर पडणाऱ्या बर्फगार पाण्याने. एकेक खिडकी लहानशी, पण अशा अनेक उघड्या खिडक्या म्हणजे जहाजाच्या कुशीला पडलेलं दुसरं भोकच.

चौथी गोष्ट म्हणजे या तिन्हींचा परिणाम. जहाज जितकं कले तितक्या जास्त खिडक्या पाण्याखाली जात, आणि जितकं पाणी आत येई तितकं ते आणखी कले. केंडल यांनी जहाज किनाऱ्याला लावायचा प्रयत्न केला, पण बॉयलर बुडाल्यावर वाफच उरली नाही. थोड्याच वेळात दिवेही गेले. मग जहाज पूर्ण आडवं झालं आणि काही मिनिटं तसंच तरंगत राहिलं. शेकडो माणसं खिडक्यांतून, कठड्यावरून चढून त्या आडव्या कुशीवर बसली. आपण उथळ जागी टेकलो आहोत असं त्यांतल्या कित्येकांना वाटलं. दोन वाजून दहा मिनिटांच्या सुमारास पाठचा भाग थोडा वर उचलला गेला आणि जहाज त्यांच्या पायाखालून गेलं.

टायटॅनिकनंतर सगळ्यांना पुरतील एवढ्या लाइफबोटी सक्तीच्या झाल्या होत्या ना?

झाल्या होत्या आणि एम्प्रेसवर त्या होत्याही. चाळीसच्या आसपास बोटी, सगळे मावून वर जागा उरेल इतक्या. दोन वर्षांपूर्वी जगभर जी ओरड झाली होती तिचं पालन या जहाजाने केलं होतं. तरी पाण्यात धड उतरल्या त्या जेमतेम पाचसहा.

जहाज उजवीकडे कललं की डाव्या बाजूच्या बोटी आतल्या अंगाला, डेकवरच येतात. त्या बाहेर ढकलायच्या म्हणजे चढावर ओझं ढकलण्यासारखं. काही बोटी सुटून उतरत्या डेकवरून घसरल्या आणि उजवीकडच्या कठड्याशी गोळा झालेल्या माणसांवर आदळल्या. उजव्या बाजूच्या बोटी उलट जहाजापासून इतक्या दूर लोंबकळू लागल्या की त्यांत चढणं अवघड. जे काही करायचं ते पहिल्या दहा मिनिटांतच, झोपेतून उठलेल्या माणसांनी, अंधारात.

म्हणून हा अपघात माझ्या लेखी टायटॅनिकइतकाच महत्त्वाचा आहे. पुरेशा बोटी असणं आणि त्या उतरवायला पुरेसा वेळ मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वेळ मिळतो तो दरवाजे, खिडक्या आणि कप्प्यांच्या रचनेतून. टायटॅनिकमुळे सगळ्यांचं लक्ष बोटींच्या संख्येवर खिळलं होतं. एम्प्रेसवरच्या माणसांना तो आकडा कामी आला नाही.

कोण वाचलं आणि कोण नाही?

हे आकडे वाचायला नको वाटतात, पण सांगायला हवेत. जहाजावर १३८ मुलं होती. वाचली फक्त चार. ३१० स्त्री प्रवाशांपैकी ४१ वाचल्या. ६०९ पुरुष प्रवाशांपैकी १७२. पहिल्या वर्गातल्या ८७ पैकी ३६, दुसऱ्यातल्या २५३ पैकी ४८ आणि तिसऱ्यातल्या ७१७ पैकी १३३.

कर्मचाऱ्यांपैकी मात्र ४२० मधले २४८ वाचले. त्यावरून खलाशांनी प्रवाशांना टाकून पळ काढला असा आरोप आजही कधीकधी ऐकू येतो. तो मला अन्यायाचा वाटतो. पाळीवरचे लोक जागे होते, अंगावर कपडे होते आणि वर जाण्याचा रस्ता त्यांना अंधारातही पाठ होता. प्रवाशांची ती जहाजावरची पहिलीच रात्र. दिवसा एकदोनदा पाहिलेले बोळ, सगळे सारखेच दिसणारे, आता भिंतीची जमीन झालेली आणि दिवे गेलेले. तिसऱ्या वर्गाच्या खालच्या मजल्यांवरच्या उजव्या बाजूच्या केबिनमधल्या लोकांना तर उठून दार गाठण्याइतकाही वेळ मिळाला नसणार. 'आधी बायकामुलं' हा नियम पाळायलाही आधी बायकामुलं डेकवर पोहोचावी लागतात.

एकूण मृत्यू टायटॅनिकवर जास्त झाले, पण नुसते प्रवासी मोजले तर एम्प्रेसवर दगावलेल्यांची संख्या ८४० भरते, आणि ती नेहमीच्या गणनेनुसार टायटॅनिकपेक्षाही थोडी जास्त आहे.

मदत कोणी केली?

सगळ्यात जास्त जीव वाचवले ते स्टोरस्टाडनेच. किंकाळ्या ऐकून ते परत वळलं, आपल्या बोटी सोडल्या आणि शेकडो माणसं वर घेतली. कॅप्टन अँडरसन यांच्या पत्नी त्या फेरीत सोबत होत्या. त्यांनी आणि खलाशांनी गारठलेल्या, अर्धवट कपड्यांतल्या माणसांना होते नव्हते ते कपडे, पडदे, चादरी दिल्या. वर घेतलेल्यांपैकी काही जण तिथेच थंडीने गेले.

एम्प्रेसच्या बिनतारी यंत्रावर रोनाल्ड फर्ग्युसन आणि एडवर्ड बॅमफर्ड होते. वीज जाण्याआधी त्यांनी एसओएस पाठवला आणि तो पॉइंट-ओ-पेअरच्या मार्कोनी स्टेशनवर ऐकला गेला. तिथून 'युरेका' आणि रिमूस्कीहून 'लेडी एव्हलिन' या बोटी निघाल्या. पण त्या पोहोचेपर्यंत पाण्यात बहुतेक मृतदेहच उरले होते.

केंडल ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या उंच जागेवरून, पाण्यात फेकले गेले, एका बोटीने त्यांना ओढून घेतलं, आणि त्यानंतर त्याच बोटीतून ते माणसं गोळा करत राहिले. वाचलेल्यांना रिमूस्कीला नेलं. लहानसं गाव, पण लोकांनी घरं उघडी केली.

टायटॅनिक, एम्प्रेस आणि लुसिटेनिया या तिन्हींतून वाचलेला एक माणूस होता, हे खरं का?

नाही. फ्रँक टॉवर नावाच्या भट्टीवाल्याची ही गोष्ट पुष्कळ फिरते, पण तिन्ही जहाजांच्या कर्मचारी याद्यांत असं एक नाव नाही.

इतका मोठा अपघात, मग विस्मरणात का गेला?

तारखा पाहा. अपघात २९ मे १९१४ चा. जिच्यातून पहिलं महायुद्ध पेटलं ती साराजेव्होची हत्या २८ जूनची. आयोगाचा अहवाल जुलैत आला आणि ४ ऑगस्टला ब्रिटन आणि त्याच्यासोबत कॅनडा युद्धात उतरले. त्यानंतर वर्तमानपत्रांत रोजच्या रोज हजारोंच्या मृत्यूच्या याद्या येऊ लागल्या.

टायटॅनिकमागे पहिल्या फेरीची झगमग होती, कोट्यधीश होते, 'न बुडणारं' म्हणून केलेला गवगवा होता, आणि बुडायला लागलेला लांबलचक वेळ होता. त्या वेळातच कथा घडतात : कोण कोणाला काय म्हणालं, कोण मागे राहिलं. चौदा मिनिटांच्या अंधारात कोणाचे शेवटचे शब्द ऐकायला कोणी नव्हतं.

या अपघातानंतर काय बदललं?

मर्सी आयोगाने सुचवलं की सूर्यास्तानंतर, आणि धुकं असेल तर केव्हाही, जलरोधक दरवाजे आणि खालच्या खिडक्या बंदच ठेवाव्यात. जहाज बुडालं तरी आपोआप मोकळे होऊन तरंगतील असे तराफे डेकवर ठेवावेत. आज या गोष्टी इतक्या साध्या वाटतात की त्या कधी सांगाव्या लागल्या असतील हेच पटत नाही.

स्टोरस्टाडचं आणि केंडल यांचं पुढे काय झालं?

कॅनेडियन पॅसिफिकने स्टोरस्टाडच्या मालकांवर दावा लावला आणि २० लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली. ती देण्याची ऐपत नसल्याने जहाज १,७५,००० डॉलरला विकलं गेलं. दुरुस्त होऊन ते पुन्हा धावू लागलं आणि मार्च १९१७ मध्ये एका जर्मन पाणबुडीने त्याला टॉर्पेडोने बुडवलं.

केंडल या अपघाताच्या आधीच प्रसिद्ध होते. १९१० मध्ये 'माँट्रोज' जहाजावर त्यांनी पत्नीच्या खुनाचा आरोप असलेल्या डॉ. क्रिपन यांना ओळखलं आणि बिनतारी संदेशाने पोलिसांना कळवलं होतं. एम्प्रेसची सूत्रं मात्र त्यांच्याकडे त्याच मे महिन्यात आली होती. पुढे ते दीर्घकाळ जगले, १९६५ मध्ये वारले.

जहाजाचे अवशेष आज कुठे आहेत? पाहता येतात का?

अपघाताच्या जागीच, उजव्या कुशीवर कलंडलेले. १९१४ च्या उन्हाळ्यातच पाणबुड्यांनी जहाजाच्या अंगाला भोक पाडून चांदीच्या २१२ लाद्या, टपालाच्या थैल्या आणि काही मृतदेह वर काढले. त्या कामात एडवर्ड कॉसाबूम या पाणबुड्याचा जीव गेला. मग जागेचा विसर पडला, ती १९६४ मध्ये पुन्हा सापडली. त्यानंतर कित्येक वर्षं हौशी पाणबुडे वस्तू उचलून नेत राहिले. ज्या जागी शेकडो माणसं अजून आत आहेत तिथून बशा आणि पितळी खिडक्या काढून नेणं मला कधीच समजलेलं नाही. अखेर १९९९ मध्ये क्वेबेक सरकारने अवशेषांना कायद्याचं संरक्षण दिलं.

प्रवाह जोराचा, पाणी गढूळ आणि थंड असल्याने तिथे बुडी मारणं धोक्याचं आहे आणि त्यात पाणबुड्यांचे जीवही गेले आहेत. बाकीच्यांसाठी पॉइंट-ओ-पेअरचं सागरी संग्रहालय आहे. तिथे जहाजावरच्या बऱ्याच वस्तू ठेवल्या आहेत. एक मोठा खाजगी संग्रह २०१२ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाने घेतला. पॉइंट-ओ-पेअरला गेलात तर रस्त्यालगतचं, कॅनेडियन पॅसिफिक कंपनीने उभारलेलं स्मारकही पाहा. ओळख न पटलेल्या अनेकांना तिथेच पुरलेलं आहे.